चिमणीमागची उंडी: रत्नागिरीच्या कौल कारखान्यातले पाच दिवस

रत्नागिरीला जाणारे बरेच जण मला त्या खाडीकाठच्या वस्तीबद्दल विचारतात. जुन्या कौल कारखान्याच्या जागेवर उभी राहिलेली, मधोमध उंच चिमणी असलेली, पाण्याच्या कडेने फिरायला फरसबंद वाट असलेली ती वस्ती. कुठे उतरायचं, गाडी कुठे लावायची, मासे कधी ताजे मिळतात, असे प्रश्न असतात. जमेल तेवढं सांगतो. पण मी ती जागा पाहिली ती वस्ती होण्याआधी. तेव्हा तिथे एकच माणूस राहत होता, आणि मला अजूनही ती जागा त्याच्यामुळेच आठवते. म्हणून हे जुन्या प्रवासाचं वर्णन.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं, जानेवारी महिना. मी पुण्यात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत काम करत होतो. संपादकांनी सोमवारी बोलावून सांगितलं, "रत्नागिरीत एका बंद कारखान्याची म्हणे वस्ती करतायत. घरं, दुकानं, नदीकाठी फिरायला जागा. शनिवारी भूमिपूजन आहे. पुढच्या मंगळवारी सकाळी मजकूर टेबलावर हवा." आराखडा करणारा वास्तुशिल्पी माधव माझ्या माहितीतला होता. त्याला पत्र टाकायला वेळ नव्हता, म्हणून तार केली आणि मंगळवारी पहाटेची एस.टी. धरली.

तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. पुण्याहून कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण, संगमेश्वर आणि हातखंब्याला वळून रत्नागिरी. दिवस पूर्ण जायचा. आजही वेळ असेल तर हाच रस्ता धरा. घाट उतरताना खिडकीतून येणारा वारा कोणत्या वळणावर बदलतो ते अंगाला कळतं. कोयनेपर्यंत मी स्वेटर घालून होतो, पोफळीला तो पिशवीत गेला. चिपळूणला गाडी थांबली की बटाटेवडा खाऊन घ्यावा, पुढे बराच वेळ काही मिळत नाही.

चिपळूणनंतर गाडी भरली. कंडक्टर म्हणाला, "मागं सरका, मागं जागा हाय."

दाराशी उभा असलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "असती तर मी हितं तुझ्या तोंडाकडं बघत उभा ऱ्हायलो असतो काय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि शेजारी पाहिलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत म्हणून. शेजारचा झोपला होता.

संध्याकाळी स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. एक खाट, एक खुर्ची, भिंतीला खुंटी. खाली खानावळ होती. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. मालकाने पान मांडताना विचारलं, "एकटेच?" मी हो म्हणालो. त्याने समोरचं दुसरं पाणी भरलेलं भांडं उचलून नेलं.

बुधवारी सकाळी रिक्षाने निघालो. शहराच्या खालच्या अंगाला काजळी नदी खाडी होऊन समुद्राला मिळते, त्या खाडीच्या काठाने रस्ता जात होता. थंडीतल्या सकाळी पाण्यावर धुकं धरतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. कारखान्याची चिमणीही धुक्यात पुसट झाली होती, तिच्या तोंडातून निघणारा काळा, जाड धूर मात्र वर चढताना स्पष्ट दिसत होता.

मी रिक्षा सोडली आणि सायकलवरून जाणाऱ्या एकाला थांबवलं. "कारखाना बंद आहे ना?"

"बंदच हाय. चार वर्सं झाली."

"मग हा धूर?"

"तो दत्तारामाचा," असं म्हणून तो पायडल मारून निघून गेला.

फाटक उघडंच होतं. आत एका बाजूला कौलं वाळवायच्या लांबच लांब शेड, दुसऱ्या बाजूला भट्टीची जांभ्याची इमारत, आणि तिला लागून चिमणी. फुटक्या कौलांचे ढीग जागोजागी, त्यांच्यात घाणेरी वाढलेली. पूर्वी खाडीकडेच्या शेतांमधून गलबतांनी माती यायची, इथे मळून साच्यात दाबली जायची, आणि इथून गेलेली कौलं जिल्ह्यातल्या निम्म्या घरांवर होती. मग स्लॅब आले, पत्रे आले, आणि कौलं कुणाला नको झाली.

चिमणीच्या बुडाशी एक साठीचा माणूस उकिडवा बसून नारळाची ओली सोडणं आगीत सारत होता. खाकी अर्धी चड्डी, बनियन, डोक्याला पंचा. मला पाहताच त्याने शेजारचा पत्रा ओढून विस्तवावर झाकला.

"मालकांकडनं आलात?"

"नाही, पेपरातून. पुण्याहून."

"पेपरात घालू नका हां," तो म्हणाला. "मालकांनी जाळ करायचा नाय म्हणून सांगितलंय." मग खाडीच्या तोंडाकडे कान देऊन त्याने पत्रा परत बाजूला केला. "दोघं यायचेत अजून."

हे दत्तारामभाऊ. तीस वर्षं या कारखान्यात भट्टीवाले होते. भट्टीच्या भोकातून आतल्या विस्तवाचा रंग पाहून कौल भाजलं की नाही ते सांगायचे. कारखाना बंद झाल्यावर बाकीची माणसं पांगली, काही मुंबईला गेली, काही मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत लागली. यांना मालकांनी राखणीला ठेवलं. बायको वारली होती, मुलगा मुंबईत होता. पाण्याच्या बाजूला आठ खोल्यांची कामगारांची चाळ होती. तिसऱ्या खोलीत हे, बाकी सात खोल्यांना कुलपं. ओटा मात्र आठही खोल्यांसमोरचा झाडलेला होता.

"सगळाच झाडता?"

"अर्धाच झाडून थांबायचं कुठं," ते म्हणाले, आणि मला बिनदुधाचा चहा दिला.

धुराचं कारण त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. त्यातून होडी आत यायला एकच वाट, चार होड्यांच्या रुंदीची. बाहेरून होड्या हाकत येणारे तांडेल ती वाट चिमणीच्या खुणेवर धरतात. कारखाना चालू होता तेव्हा धूर चोवीस तास असायचा, धुक्यातही चिमणी कुठे आहे ते कळायचं. बंद झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात खालच्या वाडीतले मच्छीमार म्हणाले, दत्ताराम, धुक्यात काय दिसत नाय रे. तेव्हापासून धुक्याच्या दिवशी ते सोडणं ओली करून जाळतात.

थोड्या वेळाने इंजिनाची फटफट ऐकू आली, धुक्यातून एक होडी निघाली, मग दुसरी. दत्तारामभाऊंनी विस्तवावर पाणी ओतलं. होडीतून कुणी हात केला नाही, यांनीही केला नाही.

दुपारी माधव आला. पस्तिशीचा, बोलका, हातात गुंडाळ्या. कारखान्याच्या जुन्या हापिसात त्याने मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली होती. ती खरोखर सुंदर होती. भट्टीची इमारत बाजार आणि सभागृह होणार, वाळवणीच्या शेडमध्ये दुकानं, धक्क्यावरून फिरायची वाट, आणि तीन नव्या इमारती, ए, बी आणि सी, प्रत्येकी चार मजली, त्यांवर कौलारू छपरं. चाळही ठेवली होती. तिथे हस्तकलेची दुकानं होणार होती आणि तिसरी खोली दत्तारामभाऊंना हयातभर.

"मालकांना चिमणी पाडायची होती," माधव म्हणाला. "पाडायला एक दिवस लागला असता. मी सहा महिने भांडलो. मागच्या उतारावरचं ते उंडीचं झाड दिसतंय? तेही वाचवलं. खालच्या वाडीतला एक जण सांगायला आला होता. मी त्याला चहा दिला, म्हटलं, काळजी करू नका, झाडाला हात लागणार नाही."

मी सगळं टिपून घेतलं. मथळासुद्धा सुचला होता. बाहेर आलो तेव्हा जमिनीवर तिन्ही इमारतींच्या चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. सी इमारतीच्या रेघेवर, चिमणीच्या शेजारी, दत्तारामभाऊ अनवाणी उभे होते आणि समुद्राकडे पाहत होते.

"जागा झकास निवडलीय, नाही?" मी म्हणालो.

"उद्या सोनूबरोबर होडीतनं जाऊन या," ते म्हणाले. "येताना मासे नका बघत बसू. चिमणीकडं बघा."

गुरुवारी धुकं नव्हतं. सोनू तांडेल चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याची बायको शेवंती धक्क्यावर टोपली घेऊन बसली होती, तिने मात्र मला नीट निरखून घेतलं.

"पोटात काय हाय काय सकाळचं?"

"दोन घावन खाल्लेत."

"मग माशांची चंगळ हाय आज," ती म्हणाली, आणि बाजूच्या दोघी हसल्या.

तिचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. समुद्रात जायचं असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरल्या पोटीही जाऊ नका, एवढंच सांगतो.

परत येताना खाडीच्या तोंडाबाहेर सोनूने इंजिन मंद केलं. "आता बगा. चिमणी दिसते?"

दिसत होती.

"तिच्या मागं उतारावर काळं झाड. उंडी."

जानेवारीत तो उतार वाळल्या गवताने पिवळा झालेला असतो. त्यावर ती उंडी शाईच्या डागासारखी उठून दिसत होती, चिमणीच्या डाव्या बाजूला.

"उंडी डावीकडं दिसते म्हंजे आपण डावीकडं हाय. अजून गेलो तर वाळू." त्याने सुकाणू दाबलं. होडी उजवीकडे सरकली तशी उंडी हळूहळू चिमणीच्या मागे जाऊ लागली, आणि मग तिच्या फांद्या चिमणीच्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसू लागल्या. "ही वाट. आता सरळ."

आम्ही सरळ आत आलो. दोन्ही बाजूंना, हात लांब केला तर लागेल असं वाटण्याइतक्या जवळ, पाण्याचा रंग पिवळट होता.

"आणि त्या चिमणीच्या शेजारी चार माळे उभे ऱ्हाणार," सोनू म्हणाला. "एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला ती बिल्डिंग. उंडी असंल जाग्यावर, पण दिसायची कुणाला? मी सायबाला सांगाया गेलो होतो. म्हणाला, झाड तोडत नाय. आता ह्याच्यावर काय बोलायचं? चा पिऊन आलो."

माधवची चूक तेव्हा माझ्या लक्षात आली. त्याने चिमणी वाचवली होती, झाडही वाचवलं होतं, आणि दोन्हींच्या मधली नजर बंद केली होती. त्याची सगळी चित्रं रस्त्याकडून काढलेली होती. नदी त्याच्या चित्रांत शेवटी यायची, पाहायची गोष्ट म्हणून. तिच्यावरून इकडे पाहणारं कुणी असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. कालपर्यंत माझ्याही आलं नव्हतं.

दुपारी ओट्यावर बसून मी दत्तारामभाऊंना विचारलं, "तुम्ही माधवला का नाही सांगितलंत? तुमचं तो ऐकेल."

ते विडी वळू लागले. "मी सांगून काय होनार? नोकर माणूस. त्येंना वाटंल, खोली मिळते तर ह्याला अजून काय पायजे."

"मग मी सांगतो. सी इमारत दुसरीकडे हलवायला सांगतो."

"सांगा. तेवढ्यासाठीच तुमाला होडीत बसवलं. पन दुसरी जागा एकच हाय." त्यांनी ओट्यावर तळहात टेकला. "मी बसलोय ती."

मला समजायला क्षणभर लागला. भट्टी, शेड, ए आणि बी सोडले, तर तेवढी लांबरुंद पट्टी फक्त चाळीची होती. चाळ बसकी होती आणि बाजूला होती. तिथे चार मजले उठले तरी समुद्रावरून उंडी दिसत राहिली असती. चाळ पाडावी लागली असती, इतकंच.

"मग तुम्ही कुठे जाल?"

"मुंबैला. पोरगा बोलावतोच."

"आवडेल तिथे?"

"आठ दिवस जाऊन आलो एकदा."

त्या संध्याकाळी मी लॉजवर जाताना दोनदा थांबलो. मी गप्प बसलो असतो तर दत्तारामभाऊंची खोली राहिली असती, माझा लेखही तयार होता. बोललो तर होड्यांची वाट राहणार होती आणि त्यांचं घर जाणार होतं. हे त्यांनी स्वतः मोजून मग मला सांगितलं होतं, आणि तरी बोलायचं काम माझ्यावर टाकलं होतं. खानावळीत माधव जेवायला आला होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "उद्या सकाळी माझ्याबरोबर होडीत चल."

शुक्रवारी सकाळी ओहोटी होती. आम्ही बाहेर गेलो, नऊच्या सुमारास तोंडाशी परत आलो. सोनूने खुणा दाखवल्या. माधवने पाहिल्या, मान डोलावली, म्हणाला, "छान आहे हो."

"आता तुमची बिल्डिंग धरा," सोनू म्हणाला.

"म्हणजे?"

"हात धरा पुढं. चिमणीच्या बाजूला, जेवढी तुमची बिल्डिंग तेवढा."

माधवने हात लांब करून तळवा आडवा धरला. आपली इमारत किती उंच ते त्याला बरोबर माहीत होतं. भट्टीच्या छपरावरून त्याने अंदाज घेतला आणि तळवा थोडा वर नेला. उंडी गेली.

"आता सांगा, कुठनं जाऊ?"

माधव हात तसाच धरून पाहत राहिला. सोनूने इंजिन अगदी मंद ठेवलं होतं. "चेष्टा नाय. तुमी सांगाल तसा जातो."

"थोडं उजवीकडे," माधव म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता सरळ."

सोनू सरळ गेला. खालून घोगरा आवाज झाला, होडी पुढे झुकली आणि थांबली. धक्का असा बसलाच नाही. कुणीतरी हाताने धरून ठेवावं तशी ती वाळूवर बसली.

"आता?" माधवने विचारलं.

"आता काय. बसायचं. भरती लागली की उठंल."

आम्ही अडीच तास बसलो. काठावरून शेवंतीचा आवाज आला, "काय वो तांडेल, वाट इसरलात काय सासुरवाडीची?" सोनू ओरडला, "सायबाला चालवायला दिली." त्यावर काठावर जे हसणं झालं ते पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. मग शेवंतीचाच आवाज आला, या वेळी हसणं नसलेला, "मासळी मऊ पडली तर गिऱ्हाईक सायबाकडं पाठवू का?" माधवचे कान लाल झाले होते.

"आज वारा नाय," सोनू त्याला म्हणाला. "जूनच्या तोंडाला मागनं लाट असते. तेवा असं बसलो तर उलटतं."

माधवने खिशातून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि पेन्सिलीने काहीतरी करू लागला. बऱ्याच वेळाने तो मला म्हणाला, "मजले कमी करून मालक ऐकणार नाहीत. सी हलवायची तर एकच जागा आहे."

"चाळ," मी म्हणालो.

"दत्तारामना हयातभर म्हणून शब्द दिलाय मी."

"त्यांना माहीत आहे."

माधवने माझ्याकडे पाहिलं, मग काठाकडे. इतक्या लांबून दत्तारामभाऊ दिसत नव्हते.

दुपारी तो हापिसातून मुंबईला ट्रंक कॉल लावून बसला. तासाभराने लागला. मालकांनी एवढंच विचारलं, फ्लॅट कमी होतात का. होत नाहीत म्हटल्यावर ते म्हणाले, मग कुठेही बांधा. माधव बाहेर आला. दत्तारामभाऊ फाटकाशी चुन्याचं घमेलं घेऊन उभे होते.

"दत्तारामभाऊ, मी गेटजवळ केबिन बांधून देतो तुम्हाला. राहायलाही होईल. राखणीचं काम आहेच."

"गेटावर बसून बघू काय? रस्ता?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "किती फूट ते सांगा. चुना मीच टाकतो."

माधवने फीत धरली, मी दुसरं टोक धरलं. दत्तारामभाऊंनी मूठमूठ चुना सोडत रेघ मारली, आधी चाळीच्या मागून, मग बाजूने, मग ओट्याच्या पुढून. रेघ वाकडी गेली तिथे पायाने पुसून परत मारली. मग चिमणीजवळची जुनी रेघ झाडूने पुसून टाकली.

"धुराचं काय?" मी विचारलं. "धुक्याच्या दिवशी?"

"उन्हं चढली की धुकं जातं. दोन तास उशिरा येतील. पन बिल्डिंग काय उन्हानं जात नाय."

शनिवारी भूमिपूजन झालं. मंडप, सनई, नारळ, भाषणं. मालक आले होते, दोन पुढारी आले होते. खालच्या वाडीतलं कुणी आलं नव्हतं, सकाळी होड्या बाहेर होत्या. दत्तारामभाऊ मंडपाच्या मागे होते. त्या सकाळीही त्यांनी आठही खोल्यांसमोरचा ओटा झाडलेला होता. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मुलाचा पत्ता माझ्या वहीत लिहून घ्यायला सांगितला. भांडुपचा, डोंगराच्या उतारावरचा. "तिकडं आलात तर या," ते म्हणाले. दुपारच्या गाडीने मी निघालो. संगमेश्वरच्या पुढे अंधार पडला आणि खिडकीत माझंच तोंड दिसू लागलं.

मंगळवारी मजकूर टेबलावर ठेवला. पुरवणीत तो प्रतिकृतीच्या छायाचित्रासह आला. वाळूच्या दांड्याबद्दल आणि उंडीबद्दल मी एक परिच्छेद लिहिला होता, तो छापायचा राहिला. चाळीबद्दलचं मीच लिहिलं नव्हतं. दत्तारामभाऊंना ते आवडलं नसतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुंबईत काम होतं, तेव्हा भांडुपला गेलो. खोली शोधायला वेळ लागला. शेजाऱ्यांना दत्ताराम कोण ते माहीत नव्हतं, "ते रत्नागिरीचे आजोबा होय?" असं म्हणून त्यांनी दार दाखवलं. ते दारात बसले होते. समोर दुसऱ्या खोलीची भिंत होती, हाताच्या अंतरावर. मुलगा कामावर निघाला होता. "बाबा बोलतच नाहीत," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "तुम्ही बसा जरा."

मी बसलो. सूनबाईंनी चहा दिला, दुधाचा.

"आज दशमी," थोड्या वेळाने दत्तारामभाऊ म्हणाले. "साडेसातला भरती झाली. दुपारी पानी तळाला जाईल. सोनू त्याच्या आत आला असंल."

"आला असेल," मी म्हणालो.

"उंडी दिसते ना समुद्रातनं?"

"दिसते."

"तुमी बघितलीत?"

मी नाही म्हणून मान हलवली. जानेवारीनंतर मी तिकडे गेलो नव्हतो.

"मग कशाला सांगता," ते म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता. कारखान्यात एखाद्याने न बघता कौल भाजलं म्हणून सांगितलं, तर ज्या सुरात म्हणाले असते त्याच सुरात ते म्हणाले.

पुण्याला आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. तीन आठवड्यांनी रजा टाकून मी परत रत्नागिरीला गेलो. त्याच गाडीने, त्याच लॉजवर. या वेळी काही लिहायचं नव्हतं. चाळ गेली होती, तिच्या जागी पाया खणून लोखंडी सळ्या उभ्या होत्या. ए इमारत दोन मजले वर आली होती. चिमणीला बांबूंची परांची बांधून डागडुजी चालू होती. सोनू मला पाहून फक्त म्हणाला, "बसा." आम्ही बाहेर गेलो आणि परत आलो. तोंडाशी त्याने इंजिन मंद केलं, मला काही दाखवलं नाही. मी स्वतःच पाहिलं, आणि खात्रीसाठी होडी पूर्ण आत येईपर्यंत पाहत राहिलो.

तुम्ही आता गेलात तर पाण्याकडेच्या वाटेवर संध्याकाळी बरी गर्दी असते. भट्टीच्या इमारतीत चांगलं कोकम आणि फणसपोळी मिळते. मासे घ्यायचे तर सकाळी धक्क्यावर, होड्या आल्यावर लगेच. चिमणीच्या शेजारी एक मोठी मोकळी जागा लागेल. एवढ्या मोक्याच्या ठिकाणी काहीच कसं बांधलं नाही, असं अनेकांना वाटतं. मुलं तिथे क्रिकेट खेळतात. गाड्या तिथेच लावतात, तुम्हीही लावा.

त्या वेळी घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधी मी टेबलाशी बसलो आणि भांडुपच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड लिहिलं. "मी जाऊन पाहिलं. उंडी दिसते. दोन्ही बाजूंना सारखी." खाली सही केली. कार्डाची पाऊण जागा कोरीच राहिली. तिथे काय लिहावं याचा थोडा वेळ विचार केला, काही सुचलं नाही, तसंच पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही. उत्तर द्यावं असं मी काही विचारलंही नव्हतं.